रेस दिली की फुस्स? आधी भोक शोधा, मग पार्ट बदला



गेल्या दोन-तीन महिन्यांत सोसायटीच्या ऑफिसात माशाच्या भावाइतकीच चर्चा एका आवाजाची झाली. कोणी म्हणतो, "गाडी उभी असली की काही नाही, रेस दिली की फुस्स करते." कोणी म्हणतो, "नावेचं इंजिन हळू चालवलं तर गोड चालतं, दांडी ओढली की साप फुसकारल्यासारखं करतं." चार सभासदांनी हीच तक्रार सांगितली. चौघांनीही काही ना काही पार्ट बदलला होता आणि तिघांचा आवाज आजही तसाच आहे. म्हणून आज या आवाजावरच लिहितोय. थोडं कडू वाटेल, पण यात मिस्त्रीचं जितकं चुकतं तितकंच आपलंही चुकतं असं आमचं मत झालंय.

सुरुवात एका पिकअपपासून करू. आमच्या एका सभासदाची ती गाडी. पहाटे घाटावरून माल उचलायचा, बर्फात रचायचा आणि खंडव्याच्या व्यापाऱ्याकडे पोहोचवायचा, हे तिचं रोजचं काम. बुरहानपूर सोडून खंडवा रोडला लागलं की वीसेक किलोमीटरवर असीरगडचा चढ येतो. त्या चढावर गाडी फुसफुस करायला लागली. सपाटीला आवाज नाही, रिकामी असताना नाही, फक्त भरलेली गाडी चढावर रेटली की फुस्स, मागे काळा धूर आणि ताकद गायब. भाऊंनी गाडी ओळखीच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीने गाडी उभी करून रेस दिली, कान लावला, "पंप गेलाय" म्हणाला. पंप उघडला, नोझल बदलले, १८,५०० रुपये झाले. दुसऱ्याच दिवशी त्याच चढावर तोच फुस्स.

मे महिना होता. आपल्याकडे मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतो, म्हणजे जितका मासा तितका बर्फ. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत चढली, मध्ये दोनदा थांबली, बर्फाचं पाणी झालं. व्यापाऱ्याने रोहू-कटल्याचे गलफडे उचलून बघितले आणि भाव निम्म्यावर आणला. गलफडे फिके पडले की व्यापाऱ्याशी वाद घालता येत नाही.

शेवटी दोष सापडला तो टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजमध्ये. वरून बघितलं तर होज नव्यासारखा होता. खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर. नवा होज आणि दोन क्लिप, हजाराच्या आत काम झालं. ज्यांनी ती चीर शोधली ते मोठ्या गॅरेजातले नव्हते. केळीच्या बागांवर ऑइल इंजिन दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी गाडी थंड होऊ दिली, पंक्चरवाल्याकडून हवा आणली, टर्बोच्या तोंडाला रबरी बूच बसवून होजमध्ये हळूहळू हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. टायरचं पंक्चर जसं बुडबुड्यावरून सापडतं तसं सापडलं.

पहिल्या मिस्त्रीला ते का सापडलं नाही? तो मूर्ख होता म्हणून नाही. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. इंजिनावर लोड आला, भरपूर डिझेल जळलं, धूर जोरात सुटला, की पंखा जोरात फिरतो आणि होजमध्ये दाब चढतो. गाडी उभी ठेवून नुसती रेस दिली तर लोड नसतो, दाब नीट चढत नाही, चीर मिटलेलीच राहते. म्हणजे दोष असीरगडच्या चढावर होता आणि तपास गॅरेजच्या सपाट फरशीवर चालला होता. भाऊंनी "चढावर, भरलेली असताना, काळ्या धुरासकट" हे तीन शब्द नीट सांगितले असते आणि मिस्त्रीने ते ऐकले असते, तर पंप उघडायची वेळच आली नसती. धूर काळा का, तेही समजून घ्या. पंप डिझेल पूर्ण देतोय, पण चिरेतून हवा बाहेर जातेय. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, त्याचीच काजळी होते. म्हणजे आपण विकत घेतलेलं डिझेल धूर करून हवेत सोडतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच ताकद कापतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. तिथं धूर कमी दिसेल, पण गाडी चढणार नाही ती नाहीच.

एक खुलासा. टर्बोची बारीक शिट्टी सगळ्याच गाड्यांना थोडी असते, तिला घाबरू नका. नवीन सुरू झालेली, रोज वाढत जाणारी आणि ताकद कमी करणारी शिट्टी किंवा फुस्स, ती दोषाची.

आता नावेकडे येऊ. आपल्या भागात नावेला बसवलेलं इंजिन बहुतेक तेच असतं, जे शेतात पाणी ओढतं. एका सिलिंडरचं डिझेल ऑइल इंजिन, त्याला दांडा जोडून पुढे पंखा. त्याला टर्बो नसतो, त्यामुळे होज फाटायचा प्रश्न नाही. तरी रेस दिल्यावर ते फुसकारतं. कारण वेगळं असतं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन वर येताना आतली हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात नोझलने फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सगळा खेळ दाबाचा. त्या कोंडलेल्या जागेला बाहेर पडायला केसाएवढी वाट मिळाली की प्रत्येक फेरीला फुस्स होणार. रेस वाढली की जास्त डिझेल, जास्त दाब, फेऱ्याही जास्त. म्हणून हळू चालवताना जे "फुस... फुस..." वेगळं वेगळं ऐकू येतं, ते रेस दिल्यावर एकसलग सापासारखं होतं.

वाटा तीन असतात. नोझलच्या बुडाशी, हेडखाली आणि सायलेन्सरच्या जोडावर. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा पहिली.

नोझल हेडमध्ये बसतो तिथं बुडाला तांब्याचा एक वायसर असतो. नखाएवढा, किंमत किरकोळ. तो बसायचं काम करतो आणि नोझलला ठरलेल्या उंचीवर ठेवायचंही काम करतो. आपल्याकडे होतं काय, नोझल काढला की जुना वायसर खाली भोकात चिकटून राहतो. बॅटरी मारून कोणी बघत नाही. नवा वायसर टाकून नोझल परत बसवला जातो. आता खाली दोन वायसर. नोझल वर उचलला गेला, फवारा चुकीच्या जागी पडतोय आणि दोन वायसरच्या मधून गॅस निसटतोय. मग आवाज आला की मिस्त्री नट आणखी आवळतो. एकाच बाजूचा आवळतो, क्लॅम्प तिरका होतो, आवाज अजून वाढतो. आमच्या एका सभासदाच्या इंजिनात तीन वायसर निघाले. तीन! एका वर्षाआड एक असा इतिहासच जमा झाला होता तिथं.

बरोबर पद्धत साधी आहे. नोझल काढा, बॅटरी मारून भोकात बघा, जुना वायसर हुकाने काढा, बैठक कापडाने स्वच्छ पुसा, काजळीचा कण राहू देऊ नका. एकच नवा वायसर टाका. दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा, सारखे आवळा. अगदीच नवा वायसर मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात, त्याने तांबं परत मऊ होतं आणि बसतं. जुने मिस्त्री हे करतात आणि ते चुकीचं नाही. पण त्यावर खोल वळ पडला असेल तर फेकून द्या.

वायसर गळतोय हे ओळखायचं कसं? इंजिन थंड असताना नोझलच्या भोवती बघा. काळी, ओलसर काजळी जमली असेल तर गॅस तिथूनच येतोय. खात्री करायची असेल तर इंजिन सुरू केल्या केल्या, तापायच्या आत, बुडाशी साबणाचं पाणी सोडा. फेस उडेल. आणि आवाज नेमका कुठून हे कळत नसेल तर हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवा. गळतीवर नळी आली की कानात एकदम फुंकर बसते. डॉक्टर छाती तपासतात तसंच हे. बुरहानपूरच्या माणसाला हे शिकवायची खरं तर गरज नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली आपली माणसं, शंभर मागांत एकाचा ताल चुकला तरी झोपेतून उठून बसतात. तोच कान इंजिनाला लावायचाय.

पण कान लावताना डोकं गहाण टाकू नका. फिरणाऱ्या चाकाजवळ गमछा, पदर, मोकळी बाही नको. नळीचं टोक पट्ट्यात जाणार नाही हे बघा. आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरात समजा: पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपातून डिझेलचं बारीक धुकं उडत असेल, तर तिथं बोट किंवा तळहात कधीही लावू नका. ऑइल इंजिनाचा नोझलसुद्धा दोनशे किलोच्या आसपासच्या दाबाला उघडतो, नव्या गाड्यांत तर दाब हजाराच्या पुढे असतो. ते डिझेल कातडी फोडून आत घुसतं. सुरुवातीला मुंगी चावल्यासारखं लाल टिंब दिसतं, दुखतही नाही फार. काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाला तर बोटं कापायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" हे शब्द सांगा. गळती तपासायचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, ओला डाग पडेल.

हेडखालच्या पॅकिंगची गळती जरा महागडी. त्याची खूण पाण्यात मिळते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गार पाण्याच्या नळीचं टोक बादलीत बुडवून धरा. नळीत आधीची हवा असते, ती निघून जाऊ द्या. त्यानंतरही रेस दिल्यावर सतत बुडबुडे येत राहिले तर पॅकिंगचा संशय घ्या. ऑइल दुधाळ झालं असेल तर संशय पक्का, मग इंजिन चालवूच नका. नुसतं पॅकिंग बदलून भागत नाही, हेड सपाट आहे का ते पट्टी लावून बघायला सांगा. वाकड्या हेडवर दहा पॅकिंग घातले तरी दहाही जळतील.

सायलेन्सरच्या जोडावरची गळती सगळ्यात स्वस्त आणि आपण तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो. "फक्त आवाजच आहे ना भो, चालू दे." उघड्या नावेत दिवसा फार फरक पडत नाही, मान्य. पण पावसाची झड आली, नावेवर ताडपत्री ओढली, लेकरू खाली झोपलंय आणि इंजिन चालू आहे, अशी वेळ आपल्यावर येते की नाही? धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंदिस्त जागेत कमी-जास्त बघत बसायचं नसतं. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी ताडपत्री वर करा. कोकणात मोठ्या ट्रॉलरवर इंजिन खाली बंद खोलीत असतं, तिथली खलाशी माणसं याला आपल्यापेक्षा जास्त बिचकून असतात. शिवाय जोडातून निघणारा गॅस तापलेला असतो. शेजारून रबरी डिझेल नळी जात असेल तर काय होईल ते लिहायला नको.

ज्यांच्याकडे पेट्रोलचं आउटबोर्ड आहे त्यांच्यासाठी दोनच ओळी. तिथं कार्ब्युरेटरच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर फुस्स हळू चालताना जास्त ऐकू येतो, आणि मोटर एका जागी स्थिर चालत नाही. टू-स्ट्रोक असेल तर याला हलकं घेऊ नका. त्यात ऑइल पेट्रोलमधूनच जातं. हवा जास्त, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन अडकतो.

आणि गाडीत फुस्स रेस दिल्यावर न येता ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर तो वेगळाच दोष. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूमची गळती. पॅडल कडक होतं. ती गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या. असीरगड चढताना नाही, उतरताना जीव जाईल.

हे सगळं झालं तांत्रिक. आता आमचं जे म्हणणं आहे ते.

आपण मिस्त्रीला कशाचे पैसे देतो? पार्टचे देतो. पार्ट बसवायच्या मजुरीचे देतो. दोष शोधायचे देत नाही. एखाद्याने दोन तास इंजिनाभोवती नळी फिरवली, साबण लावला, चार गोष्टी विचारल्या आणि शेवटी सांगितलं, "दादा, वायसर आहे, चाळीस रुपये", तर आपण चाळीसचे पन्नास देतो आणि चहा पाजून निघतो. वर गावभर सांगतो की फुकटात काम झालं! त्याचे दोन तास कुठे गेले? मग पुढच्या वेळी तो दोन तास का घालवेल? तो सरळ पंपावर बोट ठेवणार. पंप उघडला की मजुरी मिळते, पार्टवर दुकानदाराकडून दोन पैसे सुटतात. चाळीस रुपयांचा दोष सापडला तर त्याच्या घरची चूल पेटत नाही, अठरा हजारांचा सापडला तर पेटते. ही व्यवस्था आपणच उभी केली आहे.

आपल्या धंद्यात आपण असं वागत नाही, हे विशेष. वाटे पाडताना नावेचा वाटा असतो, जाळ्याचा असतो, अंगमेहनतीचा असतो. आणि जो म्हातारा पाण्याचा रंग बघून सांगतो की आज वरच्या डोहात जाऊ नका, खालच्या वळणाला टाका, त्याला आपण रिकाम्या हाताने पाठवतो का? त्याने जाळं ओढलं नसलं तरी त्याच्या टोपलीत मरळ पडतेच. कारण मासा कुठे आहे हे सांगण्याची किंमत आपल्याला कळते. मग दोष कुठे आहे हे सांगण्याची का कळू नये?

यावर दोन-तीन सभासदांनी आमच्याशी वाद घातला. पहिला मुद्दा, गरीब मच्छीमाराने शोधायचे पैसे कुठून आणायचे? मुद्दा खरा आहे. पण अठरा हजार कुठून आणले ते विचारा. व्याजाने आणले. तीनशे रुपये तपासणीचे देणं जड वाटतं आणि अठरा हजार व्याजाने काढणं नाइलाज वाटतो, कारण पहिल्यात हातात काही येत नाही, दुसऱ्यात नवा चकचकीत पार्ट दिसतो. दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता: तीनशे घेऊनही मिस्त्रीने चुकीचंच सांगितलं तर? होऊ शकतं. डॉक्टरचंही होतं. म्हणून तपासणी दाखवून करायची, असा आमचा आग्रह आहे. बुडबुडा दाखव, काजळी दाखव, चीर दाखव, मग पार्ट बदल. बुडबुडा दिसला नाही तर पाना लावायचा नाही. हे भांडण काढून नाही, आधीच ठरवून सांगायचं. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

तिसऱ्या भाऊंनी तर सांगितलं की होजला टेप गुंडाळून तीन महिने काढले. काढले असतील. होजच्या आत गरम हवा आणि ऑइलची वाफ असते, टेपचा डिंक तिथं टिकत नाही. रस्त्यात फाटला तर घरी पोहोचण्यापुरता जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळा, दोन्ही बाजूंनी तार आवळा, माल कमी करा, हळू चला. पण तो घरी पोहोचण्यापुरताच.

आणि फक्त सभासदांना बोलून मोकळं व्हावं असं नाही. सोसायटीनेही हेच पाप केलं आहे. बर्फाच्या गाडीचा पूर्ण सायलेन्सर आम्ही बदलून घेतला होता, नंतर कळलं की जोडावरचं पॅकिंग जळलं होतं. बिल सभासदांच्या पैशातून गेलं. तेव्हा कोणी विचारलं नाही, म्हणून आज आम्हीच सांगतोय.

मग करायचं काय? आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तापीला पूर, मासा अंड्यावर, नावा काठाला. हे दोन महिने आपण इंजिनाला गोणपाट झाकून विसरतो आणि १६ ऑगस्टला हँडल मारताना आठवतो. तिकडे समुद्रावर बंदी साधारण १ जून ते ३१ जुलै असते. कोकणातले लोक त्या काळात होड्या शाकारतात, इंजिन उघडतात, नारळी पौर्णिमेला तयार असतात. आपल्याकडे समुद्र नाही, पण पुराच्या उतरत्या पाण्यात इंजिनाने दम सोडला तर तापीसुद्धा ऐकून घेत नाही. नाव आडवी होते, जाळं दांड्यात जातं. वल्ही बरोबर ठेवा, इंजिन कितीही नवं असो, हे या निमित्ताने पुन्हा एकदा.

आमचा प्रस्ताव असा आहे. बंदीच्या काळात सोसायटीने एका चांगल्या ऑइल इंजिन मिस्त्रीला काही दिवस घाटावर बसवावं. पार्ट विकायला नाही, फक्त तपासायला. त्याची रोजंदारी सोसायटीने द्यावी, मग चाळीस रुपयांचा दोष निघो की चार हजारांचा, त्याची मजुरी तीच. सोसायटीच्या कपाटात तांब्याचे वायसर, सायलेन्सरचे पॅकिंग, दोन-तीन मापांचे होज आणि क्लिप ठेवाव्यात, घेतल्या भावाने द्याव्यात. ठरलेल्या जोराने नट आवळणारा एक टॉर्क पाना घ्यावा, हेड बसवताना तो लागतोच आणि एकट्याला परवडत नाही. प्रत्येक इंजिनाची एक वही असावी. कधी काय उघडलं, किती वायसर निघाले, किती घातले.

वही कोण लिहिणार, असं विचाराल. घरातली शिकलेली पोरगी लिहील. आणि या कामात बायकांना बाजूला ठेवू नका. गाडी उशिरा आली की बाजारात रिकामी टोपली घेऊन बसायची वेळ त्यांच्यावर येते, कर्जाचा हप्ता भरायला पैसे कमी पडले की तेही त्यांनाच आधी कळतं. वर सांगितलेल्या पिकअपच्या गोष्टीत "आवाज बदललाय, आज नेऊ नका" हे सगळ्यात आधी वहिनी म्हणाल्या होत्या, तीन आठवडे आधी. भाऊंनी ते ऐकलं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

हा विषय आम्ही आमसभेत ठेवतोय. खर्चाला विरोध असेल त्यांनीही या, मोकळेपणाने बोला. मिस्त्री मंडळींनाही बोलावलं आहे, त्यांचीही बाजू ऐकायची आहे. येताना ज्यांनी अलीकडे नोझल काढला असेल त्यांनी जुना वायसर खिशात घालून आणा. जुना वायसर मिळालाच नाही असं कोणी म्हणाला, तर तो अजून कुठे बसलाय ते सभेनंतर घाटावर जाऊन, बॅटरी मारून बघू.